ताई, आपलं कलकत्ता राहून गेलं

ताई,

पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या. जन्म, शिक्षण, वडिलांचा स्टुडिओ चालवला, अविवाहित, मागे एक बहीण. सगळं बरोबर आहे, चूक काढायला जागा नाही. पण वाचून मला वाटलं, ही बाई कोण? त्यात कलकत्ता कुठेच नाही. गेलं वर्षभर तर तू आणि मी दुसरं काही बोलतच नव्हतो.

तेरावं झालं. माझी ऋचा लेकराला घेऊन पुण्याला परत गेली. दुपारी हे आत झोपलेले असतात, मी चहाचा कप घेऊन बसते आणि हात आपोआप फोनकडे जातो. ही तुझी वेळ. "उठलीस का मीनू?" विचारायचीस, आणि मी काही म्हणायच्या आत, "बरं ऐक, मी काय म्हणते." मग तुझं जे काही असेल ते. आता कोणी ऐक म्हणत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तू आयुष्यभर फोटो काढलेस, पण कशाचे? सांवेर रोडच्या कारखान्यांत बनणाऱ्या पंपांचे, व्हॉल्वचे, गिअरबॉक्सचे. त्यांच्या कॅटलॉगसाठी. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते, तू कॉलेज सोडून स्टुडिओत बसलीस. लग्नाचे फोटो काढायला बाईला कोणी बोलवत नव्हतं, पासपोर्ट फोटोंवर घर चालत नव्हतं. मग तू कारखान्याकारखान्यात जाऊन विचारायला लागलीस. मोपेडवर पायाशी कॅमेऱ्याची बॅग, मागे दोरीने बांधलेल्या थर्माकोलच्या शीट, आणि तोंडाला ओढणी. सुट्टीत एकदा मी तुझ्याबरोबर आले होते. एका स्टीलच्या व्हॉल्वसाठी तू अर्धा दिवस घेतलास. चकचकीत धातूत तू स्वतःच दिसत होतीस, म्हणून तू चारी बाजूंनी पांढरी चादर टांगलीस आणि तिला भोक पाडून त्यातून लेन्स आत घातलीस. मालक दोनदा डोकावून गेला.

"मॅडम, लोहा ही तो है. खींच दो ना."

"लोहा है इसीलिए टाइम लगता है, भिया," तू चादरीच्या मागूनच म्हणालीस. "आदमी होता तो अपने आप थोड़ा अच्छा मुँह बना लेता."

मला तेव्हा हसू आलं होतं. घरी येताना मात्र मी तुला विचारलं, तुला कंटाळा नाही का येत. तू मोपेड चालवत होतीस, मला तुझा चेहरा दिसला नाही. "काम आहे," एवढंच म्हणालीस.

मी शिकले, बी.एड. केलं, शाळेत लागले, लग्न होऊन सुदामानगरात आले. हे सगळं त्या लोखंडावर झालं हे मला कळत होतं. तुला ते कधी सांगितलं नाही. आपल्या घरात असं बोलायची पद्धत नव्हती. तू म्हणाली असतीस, "काय फिल्मी बोलतेस गं."

कलकत्त्याची गोष्ट तू मला कितीदा सांगितलीस, तरी आज मीच सांगते. कुठल्याशा कंपनीने तुला तिथल्या प्रदर्शनाला नेलं, त्यांच्या स्टॉलचे फोटो काढायला. तू सगळे दिवस त्या हॉलमध्ये होतीस, ट्यूबलाइटखाली, आपल्याच इंदूरच्या पंपांसमोर. शहर दिसलं ते परतीच्या सकाळी, स्टेशनला जाताना, टॅक्सीच्या खिडकीतून. फुटपाथवर एक माणूस न्हाव्याकडून दाढी करून घेत बसला होता, अंगावर पांढरं फडकं, आणि मागून ट्राम हळूहळू येत होती. उन्हाची तिरीप ट्रामच्या खिडक्यांतून त्याच्या तोंडावर पडत होती, जात होती, पडत होती. कॅमेरा डिकीत होता. तू टॅक्सीवाल्याला थांब म्हणालीस, तर कंपनीचा साहेब म्हणाला, गाडी चुकेल.

"मीनू, तो माणूस तसाच बसला आहे माझ्या डोक्यात," तू म्हणायचीस. "अर्धी दाढी झालेला."

तू स्टुडिओ बंद केलास आणि मी रिटायर झाले, तेव्हा मीच म्हटलं, चल, अपन दोघी जाऊ. तू माझ्याकडे असं बघितलंस की मला वाटलं मी काही चुकीचं बोलले. मग आत गेलीस आणि कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन नीट लागते का ते बघत बसलीस.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी आयुष्यभर शाळेत टाइमटेबल बनवलं, मला दुसरं काय येतं. मी फोनवर सगळं बघून ठेवलं. व्हिक्टोरिया सकाळी, म्युझियम दुपारी, एक दिवस बेलूर आणि दक्षिणेश्वर, एक दिवस मूर्ती बनवतात ती गल्ली, हावडा पूल संध्याकाळी नदीतून. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आणि बसायचं कधी?"

"कुठे बसायचं?"

"कुठेही. एखादा ट्रामचा कोपरा बघू आणि बसू. दिवसभर."

"दिवसभर? ताई, इतक्या दूर जाऊन एका कोपऱ्यावर बसायचं? मग तुझ्या रामबागेच्या चौकात बस ना."

"तिथे ट्राम कुठे आहे."

"लोक शहर बघायला जातात."

"तू बघ. मी बसते. संध्याकाळी भेटू."

मला राग आला, कारण मला तुझ्याबरोबर जायचं होतं. लहानपणापासून आपण दोघी कुठे गेलोच नव्हतो. लग्नाकार्याला गेलो, मावशीला बघायला ग्वाल्हेरला गेलो, बस. मला आठ दिवस तू हवी होतीस, मोपेडवर पाठमोरी दिसायचीस तशी नाही, समोर. हे मी म्हणाले नाही. मी म्हणाले, "मग कशाला जायचं, राहू दे." तू म्हणालीस, "राहू दे तर राहू दे." आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला फोन. "बरं ऐक, व्हिक्टोरियाला मी येईन. पण आत नाही. बाहेर गवतावर."

हे भांडण संपलं नाही. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. आता मुद्दा मांडायला तू नाहीस, म्हणून मी जिंकले असं होत नाही.

मग तू म्हणालीस, मला कॅमेरा धरता आला पाहिजे, नाहीतर मी तिथे नुसती घाई करीन. रविवारची रिहर्सल सुरू झाली. तू तुझा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवलास. एकदा महूच्या बाजारात गेलो, दोनदा राजवाड्यामागे, पण तुला आवडायचं ते कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, नदीकाठच्या त्या जुन्या दगडी समाध्यांजवळ. सकाळी ऊन नदीकडून यायचं आणि दगडाच्या नक्षीत आधी सावली भरायची. तू मला एका पायरीसमोर उभं केलंस.

"ही पायरी. हलायचं नाही."

"इथे काहीच नाही ताई."

"येईल."

मी उभी राहिले. पाय दुखायला लागले. एक कुत्रं आलं, मी क्लिक केलं. तू मान हलवलीस. कॉलेजची दोन पोरं सेल्फी काढून गेली. मग एक बाई आली, हातात पूजेचं ताट, चप्पल काढावी की नाही या विचारात ती त्या पायरीवर एक पाय ठेवून थांबली. मी तिच्याकडे बघतच राहिले. बटण दाबायचं विसरले.

"काढलास?"

"नाही."

"पण दिसली ना?" तू म्हणालीस. त्या दिवशी तू खूश होतीस. येताना स्वतःहून मला कंद तळून केलेले गरम गराडू खायला घातलेस, आणि ठेल्यावरच्या माणसाला सांगितलंस की माझी बहीण फोटोग्राफर आहे.

लोक मला समजवायला येतात तेव्हा म्हणतात, त्या रविवारांनाच तुमची सहल समजा. चांगल्या मनाने म्हणतात. मी मान डोलावते. पण ताई, ती सहल नव्हती. ती तयारी होती. मला कलकत्ता हवं होतं आणि तुला तर माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून.

जायचं तीनदा ठरलं. पहिल्यांदा ऋचाचं बाळंतपण आलं, मी पुण्याला गेले. दुसऱ्यांदा यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "कलकत्ता कुठे पळून जातंय." फक्त एकदा म्हणालीस, ट्राम बंद करत चालले आहेत म्हणतात, एखाद्या रस्त्यावर उरली आहे. मग दिवाळीनंतरची हावड्याची तिकिटं काढली. विमान नको म्हणालीस, रेल्वेच्या खिडकीतून सकाळ बघायची होती. नदीच्या पलीकडचं एक जुनं गेस्ट हाउस ठरवलं. मालकीणबाईंशी फोनवर तूच बोललीस, तुझ्या त्या इंदुरी हिंदीत.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी छत्र्यांच्या पायऱ्या चढताना तू मध्येच बसलीस. मी विचारलं काय झालं. "काही नाही, लाइट बघतेय." पण तू खाली बघत होतीस आणि तुझा हात छातीवर नव्हता, जबड्यावर होता. घरी येऊन मी ऋचाला फोन केला, तिने सांगितलं, आई, आधी डॉक्टर. दोन दिवस तू टाळलंस. शेवटी आलीस. डॉक्टर म्हणाले, एंजिओग्राफी करावी लागेल, आणि त्याआधी प्रवास करू नये असं माझं मत आहे.

तू त्यांना विचारलंस, "मत आहे की नाहीच करायचा?"

ते म्हणाले, "मी माझ्या आईला जाऊ दिलं नसतं."

रामबागेत, तुझ्या पुढच्या खोलीत, आपण बसलो. तू म्हणालीस, "आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. जाऊन येऊ, मग काय कापाकापी करायची ती करा."

"आणि रेल्वेत काही झालं तर?"

"तर झालं."

"ताई, माझ्यासमोर होईल ते. मी काय करू मग? साखळी ओढू?"

 मग म्हणालीस, "तिकिटं तुझ्या फोनमध्ये आहेत ना. कर कॅन्सल."

मी तुझ्यासमोरच केली. तू बघत होतीस. झाल्यावर उठून चहा ठेवलास, शेवेचा डबा काढलास, आणि शेजारच्या नळाबद्दल काहीतरी बोलायला लागलीस. मला वाटलं तू रागावली असतीस तर बरं झालं असतं.

एंजिओग्राफीत तिन्ही नसा बंद निघाल्या. ऑपरेशन करावंच लागणार होतं, कोणालाही विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं. हे मी स्वतःला रोज सांगते. ऑपरेशन नीट झालं असंही ते म्हणाले. तू शुद्धीवर आलीस, मला ओळखलंस, वॉर्डातल्या ट्यूबलाइटकडे बघून नाक मुरडलंस. "काय घाण लाइट आहे गं. सगळे आधीच गेल्यासारखे दिसतात." नर्सही हसली. मग ताप आला, छातीत संसर्ग झाला, आणि तुला पुन्हा आयसीयूत नेलं. काचेतून मला तुझे पाय दिसायचे, पांघरुणाबाहेर. तू कधी पायांवर पांघरूण घेत नाहीस. मी सिस्टरला सांगितलं, राहू द्या तसेच.

डॉक्टरांनी बरोबर केलं, मी बरोबर केलं, तूही ऐकलंस. आणि तुला शेवटी काय दिसलं, तर तो पांढरा दिवा. रेल्वेची खिडकी दिसली असती. हावडा पूल दिसला असता. कदाचित दुसऱ्याच दिवशी त्या कोपऱ्यावर बसल्याबसल्या गेली असतीस आणि मी व्हिक्टोरियाच्या रांगेत असते. ते जास्त वाईट झालं असतं का? मी हे कोणाला विचारू? या एकाच गोष्टीवर मला तुझं मत हवं होतं, आणि ते विचारायची वेळ होती तेव्हा आपण नळाबद्दल बोललो.

फ्रेमसाठी फोटो शोधायला बसलो तर तुझा एक फोटो सापडेना. जगाचे पंप तुझ्याकडे होते, तू नव्हतीस. ऋचाने माझ्या रविवारच्या फोटोंतून एक काढला. त्यात तू अर्धी वळून माझ्यावर ओरडते आहेस, हात पुढे करून. "माझा नको, पायरीचा काढ." फोटो थोडा हललेला आहे. तोच लावला आहे. येणारे म्हणतात, किती जिवंत आला आहे. तू म्हणाली असतीस, शटर स्लो ठेवलं होतं बाईने.

आता जे सांगायचं होतं ते. तुझा फोन मी चालू ठेवला आहे. गेल्या आठवड्यात तो वाजला. कलकत्त्याचा नंबर. मला वाटलं, कॅन्सल केल्याचं काही राहिलं असेल.

"दीदी, आपका ऑपरेशन हो गया?" एका बाईंचा आवाज. त्या गेस्ट हाउसच्या मालकीणबाई.

मी म्हटलं, मी त्यांची बहीण बोलतेय. आणि मग सांगितलं. त्यांच्या मागे कुठेतरी भांडी वाजत होती. मग हळू म्हणाल्या, "दीदी तो फागुन के लिए बोला था. बोला, ऑपरेशन के बाद आएगा. हम रूम लिख के रखा है, इसलिए फोन किया."

मला कळेना. त्यांनीच सांगितलं. एंजिओग्राफीनंतर, ऑपरेशनच्या आधी, तू त्यांना फोन केला होतास. होळीच्या आधीचे आठ दिवस. एक नाही, दोन खोल्या. तुझी रस्त्याकडची, पहिल्या मजल्यावर, जिथून ट्रामचं वळण दिसतं. माझी मागची, अंगणाकडची. "दीदी बोला, मेरा बहन को आवाज में नींद नहीं आता. सोने देना. और बोला उसके सामने मछली मत रखना, वो कुछ बोलेगी नहीं, लेकिन खाना छोड़ देगी."

मी तुला हे कधी सांगितलं होतं, ताई? मला आठवत नाही. मला माशाच्या वासाची धास्ती होती, हे खरं आहे. कलकत्त्याच्या सगळ्या टाइमटेबलमध्ये मी ते कुठे बोलले नव्हते. मला वाटत होतं, जाऊ तेव्हा बघू, तुझ्या सहलीत माझं नाटक नको.

आणि तू गप्प बसलीस ते रागाने, असं मी धरून चालले होते. हॉस्पिटलमध्ये जाईपर्यंत तू कलकत्त्याचा शब्द काढला नाहीस, म्हणून मीही काढला नाही. तुला दुखेल म्हणून. तू तिकडे खोल्या ठरवून बसली होतीस, आणि मला सांगत नव्हतीस, कारण मी पुन्हा काळजी करीन, पुन्हा नाही म्हणेन. दोघी एकमेकींना जपत गप्प राहिलो. एवढे दिवस होते ताई. बोललो असतो. पुन्हा भांडलो असतो, बसायचं की फिरायचं यावर. तेवढं तरी झालं असतं.

मालकीणबाई म्हणाल्या, सोचके बताइए, हम किसी को नहीं देगा. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुला जायचं असेल तर जा, मी येऊ का?" मी नको म्हटलं. ऋचा म्हणाली, आई, एकटी? पण तिने अडवलं नाही.

मी जाणार आहे. तुझ्यासाठी म्हणून नाही, तुझा आत्मा वगैरे काही माझ्या मनात येत नाही, तुलाही ते आवडलं नसतं. मला जायचं आहे. मी व्हिक्टोरिया बघेन, आतूनसुद्धा. ट्रामच्या कोपऱ्यावरही थांबेन, जमेल तेवढा वेळ. पण मी खूप वेळ नाही थांबू शकत, मला माहीत आहे. मला तिथे ट्राम दिसेल, माणसं दिसतील. तुला काय दिसलं असतं ते मला कधीच कळणार नाही, आणि तेच बघायला मी येणार होते.

काल फोन केला. एकच खोली ठेवा, म्हटलं.

"कौन सा? आपका वाला, कि दीदी का?"

 रस्त्याकडची घ्यावी, तुझ्या खिडकीत बसावं, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण ती तू तुझ्यासाठी मागितली होतीस, आणि माझ्यासाठी दुसरी मागितली होतीस.

"पीछे वाला," मी म्हटलं. "मेरा वाला. सड़क का आप किसी को भी दे दीजिए."